मारहाण किती 'मोठी', हे कायदा कसं ठरवतो?

गल्लीतल्या भांडणात एकाने दुसऱ्याच्या दोन-चार कानफटात दिल्या. ओठ फुटला, शर्टावर रक्त सांडलं, बघायला पन्नास माणसं जमली. मार खाणारा तसाच पोलीस ठाण्यात गेला, तर बहुधा 'एनसी' (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून त्याला घरी पाठवलं जाईल. त्याच दिवशी शेजारच्या गल्लीत, कुणाचं लक्ष नसताना, एकाने दुसऱ्याची करंगळी मुद्दाम पिरगाळून मोडली. रक्ताचा थेंबही नाही. तिथे मात्र एफआयआर होतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

हा पोलिसांचा लहरीपणा नाही, निदान दर वेळी नाही. आरडाओरडा किती झाला, बघणाऱ्यांच्या अंगावर किती काटा आला, याच्याशी आपल्या फौजदारी कायद्याला फारसं देणंघेणं नसतं. शरीराचं नेमकं काय झालं, मारणाऱ्याच्या हातात काय होतं आणि त्याच्या मनात काय होतं, या तीन प्रश्नांवर कलम ठरतं. हिंसेची कायदेशीर मापं शोधायची तर ती इथे सापडतात. बरीचशी मापं १८६० सालची आहेत. काही ठिकाणी ती चोख चालतात, काही ठिकाणी ती तोकडी पडतात.

आधी एक गैरसमज दूर करू. बातम्यांमध्ये 'हिंसक गुन्हे वाढले' असं आपण वाचतो, पण 'हिंसक गुन्हा' नावाची व्याख्या आपल्या मूळ फौजदारी कायद्यात नाही. भारतीय दंड संहितेत नव्हती आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. दंग्याच्या कलमात (नवं १९१) 'बळ किंवा हिंसा' असे शब्द येतात. त्यातल्या 'बळा'ची व्याख्या दिलेली आहे, 'हिंसे'ची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग खून, बलात्कार, दरोडा, दंगा वगैरे गुन्हे 'हिंसक' या मथळ्याखाली मोजतो खरा, पण ती आकडेवारीची सोय आहे. त्या मथळ्यामुळे कुणाची शिक्षा वाढत नाही.

बालन्याय कायद्यातला 'जघन्य अपराध' हा शब्द ऐकून वाटतं की इथे तरी क्रौर्याचा विचार असेल. तिथेही मोजमाप शिक्षेचंच आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो जघन्य. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की कमाल शिक्षा कितीही मोठी असली, तरी किमान सात वर्षं सांगितलेली नसतील तर तो गुन्हा जघन्य ठरत नाही. त्यामुळे सदोष मनुष्यवध, ज्यात माणूस मेलेला असतो, त्या व्याख्येबाहेर राहतो.

अमेरिकेत मात्र 'क्राइम ऑफ व्हायोलन्स' हा खरोखरीचा कायदेशीर शिक्का आहे. ग्रीन कार्डावर राहणाऱ्यांनी तर तो माहीत करून घ्यावा असाच आहे, कारण त्या शिक्क्यासोबत एक वर्षाची शिक्षा झाली तर देशाबाहेर काढण्याची कारवाई ओढवू शकते. तिथली न्यायालयं आरोपीने प्रत्यक्षात काय केलं हे न पाहता गुन्ह्याच्या व्याख्येत बळाचा वापर हा अपरिहार्य घटक आहे का, एवढंच तपासतात. व्याख्येचा दुसरा अर्धा भाग, 'ज्यात बळ वापरलं जाण्याचा मोठा धोका असतो असे गुन्हे', तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संदिग्ध म्हणून रद्द केला. एका शब्दात हिंसा पकडायला गेलं की असं होतं. आपल्याकडे ती पायऱ्या-पायऱ्यांनी पकडलेली आहे.

पहिली पायरी: नुसता धक्का

मेकॉलेच्या आयोगाने दंड संहितेचा मसुदा १८३७ मध्ये तयार केला. १८६० मध्ये तो कायदा झाला आणि १८६२ पासून लागू झाला. त्यातली 'बळा'ची व्याख्या वाचताना भौतिकशास्त्राचा तास चालू आहे असं वाटतं. दुसऱ्याच्या शरीराला गती देणं, त्याची गती बदलणं किंवा थांबवणं म्हणजे बळ. एखादी वस्तू त्याच्या अंगाला, अंगावरच्या कपड्याला किंवा हातातल्या सामानाला लागेल अशी हलवणं, हेही बळच. ते स्वतःच्या ताकदीने वापरता येतं, एखादी वस्तू आपोआप घसरेल-पडेल अशी रचून वापरता येतं किंवा जनावर अंगावर सोडून वापरता येतं.

हे बळ मुद्दाम, समोरच्याच्या संमतीविना, आणि गुन्हा करण्यासाठी किंवा त्याला इजा, भीती वा त्रास होईल हे ठाऊक असताना वापरलं, की ते 'फौजदारीपात्र' होतं. जुन्या संहितेतली उदाहरणं मोठी मजेशीर आहेत. नदीकाठी बांधलेल्या होडीत कुणी बसलाय आणि दुसऱ्याने दोर सोडून होडी प्रवाहात लोटली. लुटायच्या इराद्याने कुणी पालखीचा दांडा धरून पालखी अडवली. कुणी दगड असा फेकला की पाणी उडून दुसऱ्याच्या कपड्यांवर आलं. यांतल्या कुणालाही खरचटलेलंसुद्धा नाही, तरी बळाचा वापर पूर्ण झालेला आहे.

मग दादरला सकाळी लोकलमध्ये चढताना रोज हजारो गुन्हे घडतात का? नाही. तिथे इरादा नसतो. शिवाय संहितेतच एक शहाणं कलम आहे (जुनं ९५, नवं ३३): सामान्य समजुतीचा माणूस तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक इजा गुन्हा ठरत नाही. हे कलम नसतं तर बेस्टच्या प्रत्येक बसमागे एक न्यायालय लागलं असतं.

'हमला' त्याच्याही अलीकडे आहे. वर्तमानपत्रात हमला म्हटलं की कोयते आठवतात, पण कायद्यातल्या हमल्यात स्पर्शसुद्धा लागत नाही. मूठ उगारणं, 'थांब, तुला दाखवतो' म्हणत काठी उचलणं, चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडायला लागणं, आणि त्यातून समोरच्याला 'आता हा मारणार' असं वाटणं, एवढ्यावर हमला झाला. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. नुसते शब्द हमला होत नाहीत, पण शब्दांमुळे हावभावाला अर्थ येऊ शकतो. काठी हातात असणं वेगळं आणि काठी हातात घेऊन 'आज सोडत नाही' म्हणणं वेगळं. फोनवरून दिलेली धमकी मात्र इथे बसत नाही, कारण फोनमधून कुणी तत्काळ मारू शकत नाही. तिच्यासाठी धाकदपटशाचं वेगळं कलम आहे, ३५१.

हाड, दात आणि पंधरा दिवस

खरी मोजणी 'दुखापत' आणि 'जबर दुखापत' या दोन शब्दांत आहे. गावाकडच्या बातम्यांतले ३२३ (साधी दुखापत), ३२४ (धोकादायक साधनाने दुखापत), ३२५ (जबर दुखापत), ३२६ (धोकादायक साधनाने जबर दुखापत) हे आकडे याच घरातले. आता त्यांची नावं ११५, ११७, ११८ झाली आहेत, पण ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात अजून जुनेच आकडे ऐकू येतात.

शारीरिक वेदना, रोग किंवा अशक्तता म्हणजे दुखापत. चापट ही दुखापत, फुटलेला ओठही दुखापत. हत्यार नसेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत, आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलीस तपासच करू शकत नाहीत. सुरुवातीच्या एनसीचं कारण हे आहे.

जबर दुखापत होण्यासाठी आठ प्रकारांपैकी एकात बसावं लागतं. पुरुषत्व नष्ट होणं, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचं ऐकू येणं कायमचं जाणं, एखादा अवयव वा सांधा गमावणं किंवा तो कायमचा निकामी होणं, डोकं वा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं. आठवा प्रकार सगळ्यांत वादाचा: ज्या इजेने जीव धोक्यात आला, किंवा जिच्यामुळे माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला वा नेहमीची कामं करू शकला नाही. जुन्या संहितेत हे दिवस २० होते, नव्यात १५ झाले.

'नेहमीची कामं' हे शब्द महत्त्वाचे. नुसतं पंधरा दिवस दवाखान्यात राहिलो म्हणून भागत नाही. वेदना तीव्र होती किंवा कामं होतच नव्हती, हे पुराव्याने दाखवावं लागतं. हाडाचं त्या मानाने सोपं, कारण एक्स-रे असतो. हाडाचे दोन तुकडे झालेच पाहिजेत असंही नाही. होरी लाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हाड कापलं गेलं, त्याला तडा गेला, तरी ते मोडलं असंच धरायचं. पण एक्स-रे दाखल झाला नाही, किंवा इजेचं प्रमाणपत्र देणारा डॉक्टर साक्षीला आला नाही, तर तोच खटला एक पायरी खाली घसरू शकतो.

म्हणूनच करंगळी फुटलेल्या ओठाच्या वर जाते. यावर लोक चिडतात, आणि चिडण्यात चूक नाही. पण दुसरी बाजूही बघा. 'भयंकर मारलं', 'अमानुष मारलं' अशा शब्दांवर शिक्षा ठरली असती, तर जो तक्रारदार जास्त चांगलं रडतो त्याच्या बाजूने पारडं झुकलं असतं. हाड मोडलं की नाही, याचं उत्तर गावच्या पाटलालाही फिरवता येत नाही.

हातात काय होतं, हा दुसरा प्रश्न. भोसकायचं, कापायचं, गोळी झाडायचं साधन, किंवा मारायला वापरलं तर जीव जाऊ शकेल असं कुठलंही साधन, आग, विष, स्फोटक, जनावर: यांपैकी काही वापरलं तर साधी दुखापतही तीन वर्षांपर्यंत जाते आणि दखलपात्र होते. जबर दुखापत असेल तर किमान एक वर्ष आणि कमाल जन्मठेप. दगडाचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मथाई खटल्यात म्हटलं की ते ठरीव नाही, दगड केवढा आणि मारला कसा, हे बघावं लागेल. दातांचं काय? चाव्याने जबर दुखापत झालेल्या एका प्रकरणात २००४ मध्ये त्याच न्यायालयाने मानवी दात हे धोकादायक हत्यार मानायला नकार दिला आणि ३२६ ची शिक्षा ३२५ वर आणली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हाच धागा धरून घरगुती भांडणातल्या चाव्यावरचा ३२४ चा गुन्हा रद्द केला. बातमी आली तेव्हा लोक हसले, पण तर्क सरळ आहे: कलम साधनाबद्दल बोलतं आणि दात हे साधन नव्हे.

ॲसिड मात्र या सगळ्यातून वेगळं काढलं आहे. २०१३ च्या दुरुस्तीने त्याला स्वतंत्र कलम मिळालं, किमान दहा वर्षांचं. चेहऱ्यावर नुसतं फेकलं आणि ते लागलं नाही तरी किमान पाच.

मनात काय होतं

जबर दुखापतीच्या गुन्ह्यात ती इजा झाली एवढंच पुरत नाही. तशी इजा करायचा इरादा, किंवा ती होऊ शकते याची जाणीव, हेही लागतं. साधा धक्का दिला, समोरचा पायरीवर अडखळला आणि मनगट मोडलं, तर बचाव पक्ष नेमका इथेच उभा राहणार.

मृत्यू झाला की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता. आरोपीचं म्हणणं, मारायचा हेतू नव्हता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, त्याची जी उकल केली ती आजही विधीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. ठार मारायचं होतं का, हे विचारू नका. ती जखम, त्या जागी, मुद्दाम केली का, एवढं विचारा. ती मुद्दाम केली असेल आणि निसर्गक्रमाने मृत्यू यायला पुरेशी असेल, तर तो खून. जखम किती घातक होती हे वैद्यकशास्त्र सांगेल, आरोपीचं मत लागणार नाही.

खुनाच्या प्रयत्नात याच्या उलट. तिथे इजा नगण्य असली तरी चालते. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध बळराम बामा पाटील' या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मृत्यू येईल एवढी जखम झालीच पाहिजे असं नाही. आणि १९६१ च्या ओम प्रकाश खटल्यात तर मारच नव्हता. पंजाबातल्या एका नवऱ्याने बायकोला उपाशी ठेवून ठेवून मरणाच्या दारात नेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो खुनाचा प्रयत्नच धरला. धक्का नाही, हत्यार नाही, हाडही मोडलेलं नाही, आणि तरी त्याची गणना सर्वांत वरच्या पायऱ्यांवर.

रागाचं काय? गंभीर आणि अचानक प्रक्षोभ झाला तर खुनाचा सदोष मनुष्यवध होऊ शकतो. मुंबईतला नौदल कमांडर नानावटी याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तो १९५९ चा खटला याच मुद्द्यावर गाजला. सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ पाहिलं: बायकोची कबुली ऐकून घर सोडल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, मध्ये जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेणंही झालं होतं. राग आवरायला एवढा वेळ पुरेसा आहे, असं म्हणून जन्मठेप कायम केली.

मापं तोकडी पडतात तिथे

शरीरावरच्या खुणांवर हिंसा मोजायची सवय किती महागात पडू शकते, हे महाराष्ट्राइतकं कुणाला ठाऊक नसावं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, म्हणून जबरदस्ती झाल्याचं त्यांना पटलं नाही. रात्रीच्या वेळी ठाण्यात, गणवेशातल्या माणसासमोर, एक मुलगी किती प्रतिकार करू शकते, हा प्रश्न निकालात उमटलाच नाही.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. देशभर आंदोलनं झाली. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं ठरलं. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही, हे वाक्य थेट बलात्काराच्या कलमात यायला मात्र २०१३ उजाडलं. आता ते कलम ६३ मध्ये आहे.

घरातल्या हिंसेचंही तसंच. रोज एक चापट, आठवड्याला एक धक्का, पगार काढून घेणं, माहेरच्यांना शिव्या. यातली एकेक घटना स्वतंत्र मोजली तर हाती एनसींचा गठ्ठा येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मात्र शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ या सगळ्याला एकत्रितपणे हिंसाच म्हटलं. इतकी मोकळी व्याख्या आपल्याकडे क्वचितच सापडते. पण तो कायदा मुख्यतः दिलासा देणारा आहे: संरक्षण आदेश, राहण्याचा हक्क, खर्च. शिक्षा येते ती आदेश मोडल्यावर. तुरुंगाचा प्रश्न पुन्हा संहितेतल्या क्रूरतेच्या कलमाकडे (जुनं ४९८अ, नवं ८५) जातो.

आणि मग विधिमंडळ मधूनच एखाद्या गटासाठी वेगळं माप काढतं. डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये केलेल्या कायद्यात 'हिंसा' शब्दाची व्याख्याच आहे, आणि तिच्यात इजेबरोबर धाकदपटशा आणि कामात अडथळाही येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र. म्हणजे गल्लीतली जी चापट एनसी होती, तीच अतिदक्षता विभागाबाहेर निवासी डॉक्टरला मारली तर अटक होऊ शकते. पत्रकारांसाठी २०१७ मध्ये असाच कायदा झाला. सरकारी नोकरावरच्या हमल्याचं प्रसिद्ध '३५३' (आता १३२) याच जातीचं. जुन्या संहितेत त्याची दोन वर्षांची कमाल शिक्षा महाराष्ट्राने दुरुस्ती करून पाच केली होती. डॉक्टरांना संरक्षण हवं यात वाद नाही. पण ज्यांची संघटना मजबूत त्यांच्या गालाची किंमत जास्त, असं चित्र यातून उभं राहतं आणि ते मला खटकतं.

आता त्या पहिल्या माणसाने एनसीनंतर काय करावं? दुखणं उतरत नसेल तर सरकारी रुग्णालयात जाऊन एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्यावी आणि एक्स-रे काढावा. दात निखळल्याचं किंवा हाडाला तडा गेल्याचं निघालं, तर तो कागद घेऊन ठाण्यात जावं, गुन्हा दखलपात्र होऊन एफआयआर होऊ शकतो. तसं काही नसेल तरी तपासाच्या आदेशासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो किंवा तिथेच खासगी तक्रार दाखल करता येते. तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे पोलिसांनाही अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. मात्र साध्या दुखापतीची कमाल शिक्षा एक वर्ष असल्यामुळे न्यायालयाने तिची दखल घेण्याची मुदतही एकच वर्षाची आहे. उशिराला सबळ कारण दाखवता आलं नाही, तर त्यानंतर एनसीच्या कागदाचा उपयोग जुन्या भांडणाचा दाखला एवढाच.